दोन तासांत तीस शिक्षकांना 'पर्यावरण' कसं द्यायचं? (केंद्राची शिक्षण परिषद, मदत हवी)

रानजाई | ११ जून, रात्री १०.४२

नमस्कार मंडळी. मी शहापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. द्विशिक्षकी शाळा, पट ३७, निम्म्याहून जास्त मुलं ठाकर-कातकरी वाड्यांवरची. २७ तारखेला आमच्या केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद आहे. काल केंद्रप्रमुख सरांचा फोन आला, "मॅडम, पर्यावरणाचं सत्र तुम्ही घ्या, दोन तास. तुम्हाला आवड आहे." आवड आहे म्हणजे गेल्या वर्षी परसबागेत आमच्या शाळेचा नंबर आला, एवढंच.

सरांनी सोबत एक पीपीटी पाठवलीय. ६४ स्लाइड. पहिली पृथ्वी हातात धरलेल्या दोन हातांची, दुसरी ॲमेझॉनच्या जंगलाची, मग ध्रुवावरचं बर्फ. अठ्ठावन्नाव्या स्लाइडपर्यंत महाराष्ट्र येत नाही. आमच्या शाळेमागून तानसा अभयारण्याचा डोंगर दिसतो. मुंबईला जाणारी पाण्याची मोठी पाइपलाइन आमची मुलं रोज ओलांडतात. ही मुलं राहतात त्यातल्या दोन पाड्यांवर मार्चपासून टँकर येतो. हे सगळं सोडून मी ॲमेझॉन दाखवू?

मला हवंय ते असं : १) मराठीत, फुकट, शाळेत खरंच वापरता येईल असं साहित्य. २) दोन तासांत ३०-३२ शिक्षकांकडून करून घेता येईल असं काहीतरी. प्रोजेक्टर आहे, लाइटची खात्री नाही. सगळे शिक्षक माझ्यापेक्षा सीनियर आहेत हेही लक्षात घ्या.

---

तिरकस_मास्तर | ११ जून, रात्री ११.१५

बाई, अभिनंदन आणि सांत्वन दोन्ही. बावीस वर्षं नोकरी झाली, पर्यावरणाची प्रशिक्षणं मोजून नऊ केली. सगळ्यात एक गोष्ट सारखी : आपण आत, पर्यावरण बाहेर. एकदा तर 'पाणी वाचवा' सत्रात प्रत्येकाला पाण्याची एकेक बाटली वाटली, अर्ध्या प्यायलेल्या सगळ्या टेबलावर राहिल्या. त्या बाटल्यांचा फोटो मी काढून ठेवलाय, हवा तर देतो. पहिली स्लाइड होईल.

मागच्या बाकावर कोण बसणार तेही सांगून ठेवतो. एक यूडायस (शाळेच्या माहितीचा सरकारी फॉर्म) भरत असेल, एक मतदार यादीत अडकलेला असेल, एक 'एक पेड माँ के नाम' या वृक्षलागवडीचे फोटो पोर्टलवर चढवत असेल. त्यांच्यावर रागावू नका. त्यांना उठवून बाहेर न्या. पायावर उभा असलेला माणूस मोबाइलवर माहिती भरू शकत नाही.

---

काजवा | १२ जून, सकाळी ७.०५

साहित्याचा तुटवडा नाही, उलट पसारा आहे. मी वापरलेलं तेवढंच सांगतो.

आधी घरचं. बालभारतीचं तिसरीचं परिसर अभ्यास जिल्हावार निघालेलं आहे हे निम्म्या शिक्षकांच्या लक्षातच राहत नाही. ते 'आपला जिल्हा' म्हणून उघडा, त्यातला नकाशा मुलांकडून जमिनीवर काढून घ्या. पीडीएफ फुकट आहे. पुस्तकांवरच्या क्यूआर कोडमधून दीक्षा या सरकारी ॲपवर जे उघडतं त्यातलं काही बरं, काही नुसतं पाठाचं वाचन. आधी स्वतः बघा.

अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकांचा खजिना आहे, टाकाऊतून खेळणी तर आहेतच. 'शैक्षणिक संदर्भ' या मासिकाचे जुने अंक चाळा, त्यांची भाषा शिक्षकाला मुलासारखं वागवत नाही. स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी आहेत, छापून वाटायला परवानगी मागावी लागत नाही. पक्ष्यांसाठी 'अर्ली बर्ड'ची भारतीय भाषांमधली चित्रकार्डं. मोबाइलमध्ये मर्लिन हे ॲप टाका, आवाज ऐकवला की पक्ष्याचं नाव सुचवतं. चुकतंही, आणि चुकलं की मुलं जास्त खूश होतात.

संस्थांमध्ये अहमदाबादचं पर्यावरण शिक्षण केंद्र, १९८४ पासूनचं. पुण्यात भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षणाची संस्था आहे, १९९३ पासून. मुंबईच्या जवळ म्हणाल तर गोरेगावला फिल्मसिटीशेजारी बीएनएचएसचं (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं) निसर्ग शिक्षण केंद्र. पण तुमच्या २७ तारखेसाठी यातलं काही कामाचं नाही. कामाचं आहे ते तुमच्या डोंगरावर.

तुम्ही तानसा म्हणालात म्हणून विचारतो, त्या तीस शिक्षकांपैकी किती जणांना रानपिंगळा माहीत आहे? हे छोटं घुबड १८८४ नंतर एकाही अभ्यासकाला सापडलं नव्हतं. संपलं असंच धरून चालले होते. १९९७ मध्ये ते नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पुन्हा दिसलं. आणि २०१४ मध्ये तानसा अभयारण्यात, म्हणजे तुमच्या शाळेच्या मागे. जगात फक्त मध्य भारताच्या या पट्ट्यात आढळणारा पक्षी. ॲमेझॉनवाल्यांनी तुमच्याकडे प्रशिक्षणाला यायला हवं.

---

रानजाई | १२ जून, सकाळी ७.४८

काजवा, मलाच माहीत नव्हतं हो. सहा वर्षं आहे मी इथे. 😳

---

लिंबोणी | १२ जून, दुपारी १.२०

मी निवृत्त आहे, माध्यमिकला होते. थोडा इतिहास सांगते, कारण परिषदेत कुणीतरी "हा विषय आमच्या माथी कुणी मारला?" असं विचारणारच.

पर्यावरणाचे खटले लढणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ ला निकाल दिला. पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करा, आणि चित्रपटगृहांत पर्यावरणाच्या स्लाइड्स दाखवा, असंही त्यात होतं. त्या स्लाइड्स मला आठवतात, लोक तेवढ्यात वडा आणायला जात. पुढे डिसेंबर २००३ मध्ये न्यायालयाने एनसीईआरटीला (शालेय अभ्यासक्रमाच्या केंद्रीय संस्थेला) अभ्यासक्रम तयार करायला सांगितलं. मग वेगळा विषय ठेवायचा की सगळ्या विषयांत मिसळायचा हा वाद झाला. एनसीईआरटीने मिसळायचं ठरवलं. आपल्याकडे खाली परिसर अभ्यास, वर जाऊन पर्यावरण शिक्षण आणि आता जलसुरक्षा असे स्वतंत्र विषय.

मी स्वतंत्र विषयाच्या बाजूची होते. मग माझ्याच मुलांनी अकरावीचा पर्यावरण प्रकल्प म्हणून एका विद्यार्थ्याचा जसाच्या तसा उतरवून आणला. गावाचं नाव बदलायलाही विसरले होते. आमच्या सांगली जिल्ह्यातल्या गावाच्या प्रकल्पात समुद्रकाठची खारफुटी. चाळीस वह्यांमध्ये खारफुटी! त्या दिवसापासून माझं मत डळमळलं ते अजून स्थिर झालेलं नाही.

---

तिरकस_मास्तर | १२ जून, दुपारी १.४१

लिंबोणीताई, कृष्णेला इतके पूर येतात, खारफुटी वाहून आली असेल.

---

निरंक | १२ जून, संध्याकाळी ६.३०

मी विज्ञान शिकवतो. सत्राच्या सुरुवातीला पाच मिनिटं एक प्रश्न विचाराच : "तापमानवाढ का होते?" मी पैजेवर सांगतो, निम्मे हात 'ओझोनला भोक पडल्यामुळे ऊन जास्त येतं' या उत्तराला वर होतील. मी दोन गटांत विचारून पाहिलंय.

हा गोंधळ मुलांचा नाही, आपला आहे, आणि आपणच तो पुढच्या पिढीत पोचवतो. ओझोनचा थर अतिनील किरण अडवतो. तो विरळ झाला तो फ्रिज-स्प्रेमधल्या क्लोरोफ्ल्युरोकार्बनमुळे. १९८७ च्या माँट्रियल कराराने त्यांचा वापर आटोक्यात आला आणि थर हळूहळू भरून येतोय. तापमानवाढ ही वेगळी गोष्ट : कोळसा-पेट्रोल जाळून तयार होणारा कार्बन डायऑक्साइड जमिनीवरून परत जाणारी उष्णता धरून ठेवतो. ऊन आत येणं जास्त झालेलं नाही, उष्णता बाहेर जाणं कमी झालंय. गोधडीचं उदाहरण द्या, लगेच कळतं. गोधडी स्वतः गरम नसते.

दुसरं, पिंपळ रात्रीसुद्धा ऑक्सिजन देतो हे कृपया कुणी फळ्यावर लिहू नका. बाकीच्या झाडांसारखा तोही रात्री श्वसनच करतो. पिंपळ लावायला याशिवाय शंभर कारणं आहेत. फळं धरल्यावर त्यावर येणारे हरियल मोजा, ते पुरे. हरियल म्हणजे आपला राज्यपक्षी, हेही जाता जाता.

---

कोवळी_कणसं | १२ जून, संध्याकाळी ७.१२

पिंपळाचं मी गेल्या आठवड्यातच शिकवलं. आता काय करू?

निरंक | १२ जून, संध्याकाळी ७.२०

उद्या वर्गात सांगा, "मी चुकले". मुलं ते वाक्य वर्षभर विसरत नाहीत, विज्ञान विसरली तरी.

---

जलतरंग | १३ जून, सकाळी ६.५०

बाई, जून आहे, शहापूर आहे. पर्जन्यमापक करून घ्या. साधन शून्य रुपयांचं आणि चार महिने चालतं.

सरळ अंगाची एक लिटरची बाटली घ्या, कमरेत दबलेली नको. वरचा निमुळता भाग कापून उलटा करून त्याच बाटलीत बसवा, झालं नरसाळं. बुडाला खाचा-उंचवटे असतात, तिथे मूठभर पांढरं सिमेंट कालवून ओता आणि सपाट होऊ द्या. सिमेंटचा वरचा काठ म्हणजे शून्य. तिथपासून बाहेरून पट्टी चिकटवा. पाणी जितके मिलिमीटर चढलं तितका मिलिमीटर पाऊस. झाडापासून नि छपरापासून लांब, उघड्यावर, विटांमध्ये घट्ट बसवा. तोंड जमिनीपासून फूटभर वर, म्हणजे चिखल उडून आत जात नाही. नोंद रोज सकाळी साडेआठला, हवामान खात्याची वेळही तीच. शनिवार-रविवारची जबाबदारी शेजारच्या मुलाला.

एक इशारा. एका प्रशिक्षणात आम्हाला बाजारातलं मोठं नरसाळं बाटलीवर ठेवायला सांगितलं होतं. नरसाळ्याचं तोंड १२ सेंटिमीटर, बाटली ६ सेंटिमीटरची. व्यास दुप्पट, म्हणजे क्षेत्रफळ चौपट. जिल्ह्यात ५० मिमी झाला त्या दिवशी आमच्या शाळांनी २०० मिमी कळवला. हसू नका, वर्तुळाच्या क्षेत्रफळाचा याहून चांगला धडा मला पुढे मिळाला नाही.

आता खरी गंमत. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. शाळेचं छप्पर मोजा, गुणाकार करा. ज्या गावात टँकर येतो तिथल्या मुलांना हा गुणाकार शिकवावा लागत नाही, तीच पुढे चालवतात.

---

ग्रामसेवक_आप्पा | १३ जून, सकाळी ९.३३

वाचतोय. जलतरंग यांचं झकास. फक्त एक सांगतो, ६५ मिमी भरला म्हणून बाटली घेऊन पंचनामा मागायला येऊ नका 🙂 अतिवृष्टी धरतात ती महसूल मंडळाच्या केंद्रावरच्या आकड्याने. पण मंडळाचा आकडा महारेन या सरकारी पावसाच्या संकेतस्थळावर रोज पडतो. मुलांना तो आणि स्वतःचा शेजारी शेजारी लिहायला लावा. आठ-दहा किलोमीटरवर पाऊस किती वेगळा पडतो ते दिसेल.

माझं खरं सांगायचं वेगळंच होतं. बाई, तुमच्या ग्रामपंचायतीत कपाटात एक जाडजूड फाइल असेल : लोक जैवविविधता नोंदवही. जैवविविधता कायदा २००२ चा, त्याखाली प्रत्येक पंचायतीत समिती आणि ही नोंदवही हवी. गावातली झाडं, मासे, पिकांची वाणं, जनावरं, देवराई, कोण काय ओळखतं, सगळं त्यात असायला हवं. मी 'असायला हवं' म्हणतोय. हरित लवादाचा दट्ट्या आला तेव्हा बऱ्याच ठिकाणी त्या घाईने उरकल्या. एका गावची माझ्या हातात आली होती, तिच्यात शेजारच्या तालुक्यातली नदी होती.

पण म्हणूनच शाळेला ती सोन्यासारखी. मुलांना सांगा, चुका शोधा. कुठलं झाड आपल्या गावात नाहीच? कुठलं राहिलं? आजीला विचारून स्थानिक नाव बरोबर करा. दुरुस्त्या लिहून समितीकडे द्या, त्यांना त्या घ्यायच्याच आहेत. फक्त एक पथ्य पाळा. कुणा वैदूने विश्वासाने सांगितलेलं औषध व्हॉट्सॲपवर फिरवू नका. ते त्याचं आहे.

आणि गावचं पाणी तपासणाऱ्या जलसुरक्षकाला एक दिवस शाळेत बोलवा. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकल्यावर तो ओटी टेस्ट (पाण्यातल्या क्लोरिनची चाचणी) करतो, पाणी पिवळं होतं. आपण पितो त्या पाण्याचा रंग बदलताना मुलांनी बघावा. पाण्याच्या तपासणीवरून पंचायतीला हिरवं कार्ड का मिळतं नि लाल का, तेही त्यालाच विचारू द्या. प्रश्न आमच्यावर येतील, येऊ द्या.

---

डोंबिवलीची_बाई | १३ जून, दुपारी ३.०५

तुम्हा सगळ्यांना डोंगर आहेत, देवराया आहेत. माझ्याकडे चौथ्या मजल्यावर ६२ मुलांचा वर्ग आहे नि खाली पेव्हर ब्लॉक. मैदान म्हणजे बस लावायची जागा. संस्था म्हणते, मुलांना बाहेर नेऊ नका, पालक तक्रार करतात. आमचं काय?

काजवा | १३ जून, दुपारी ३.४०

खिडकीतून दिसणारं एक झाड आहे का? एकच. असेल तर सीझनवॉच हा झाडांच्या नोंदींचा उपक्रम बघा. दर आठवड्याला त्याच झाडाकडे बघून एवढंच लिहायचं : कोवळी पानं, जून पानं, कळ्या, फुलं, कच्ची फळं, पिकलेली फळं, प्रत्येक 'नाही, थोडी, भरपूर' यांपैकी काय. पाच मिनिटांचं काम. केरळात मातृभूमी दैनिकाच्या शालेय उपक्रमातून शेकडो शाळांनी या नोंदी केल्यात. आपल्याकडून फार कमी जातात.

डोंबिवलीची_बाई | १३ जून, दुपारी ३.५२

एक सप्तपर्णी आहे, नि गेटबाहेर बहावा. चालेल?

काजवा | १३ जून, दुपारी ४.१०

पळेल! बहाव्याचं तर चालून आलेलं काम आहे. दर एप्रिलला तो फॉरवर्ड फिरतो ना, 'बहावा फुलला की ४५ दिवसांत पाऊस', काहींत ६० दिवस. खरं की खोटं, मुलांनाच तपासू दे. पहिलं फूल कुठल्या तारखेला, पहिला चांगला पाऊस कुठल्या तारखेला. 'चांगला' म्हणजे किती? हवामान खातं २.५ मिमी भरला तर पावसाचा दिवस धरतं, तेच घ्या. एका वर्षात काहीच सिद्ध होणार नाही. पाच वर्षं लागतील. पाचवीतल्या मुलांनी सुरू केलेली वही ती दहावीत असताना पाचवीची मुलं पुढे नेतील.

---

तिरकस_मास्तर | १३ जून, रात्री ९.२५

पाच वर्षं? आमची वही पाच महिन्यांत 'उपक्रम अहवाल' या नावाने बांधून वर जाते आणि शाळेत कोरी नवी येते. हा विनोद नाही. आमच्या मुलांच्या दोन वर्षांच्या पक्ष्यांच्या नोंदी अशाच गेल्या. मागायला गेलो तर गठ्ठा सापडेना. म्हणून बाई, सत्रात एक गोष्ट ठासून सांगा : मूळ वही शाळेतच ठेवायची. वर जाईल ती झेरॉक्स.

जलतरंग | १३ जून, रात्री ९.४०

हे सोन्याच्या अक्षरांत. +१

---

कोवळी_कणसं | १४ जून, सकाळी ८.०२

मी कालच्या कालच वर्गात पिंपळाचं "चुकले" सांगून टाकलं. एक मुलगा म्हणाला, "बाई, मग माझ्या बाबांना पण सांगा, ते रोज रात्री त्याच्याखाली बसतात." 😄 बाबा कशासाठी बसतात ते सगळ्या वर्गाला माहीत होतं.

---

लिंबोणी | १४ जून, सकाळी १०.३०

रानजाई, तुमच्या शाळेत जेवण कोण करतं? पोषण आहाराच्या ताई वाडीवरच्या असतील तर त्यांना सत्र द्या. जून आहे, शेवळं निघाली असतील. मी मेहनतीने रानभाज्यांवर भाषण तयार केलं होतं एकदा, पुस्तकातून. आमच्या मदतनीस बाईंनी मध्येच विचारलं, "मॅडम, शेवळ्यात काकडं किती घालता?" मला काकडं म्हणजे सॅलडची काकडी वाटली. सगळ्या हसल्या. काकड हे झाडाचं आंबट फळ आहे, ते किंवा चिंच घातल्याशिवाय शेवळं खाल्लं तर घसा खाजतो, टोचतो. कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात त्यात. स्फटिकांचं नाव मी सांगू शकले असते, उपाय त्या बाईंकडे होता.

---

रानजाई | १४ जून, रात्री १०.१५

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं ते असं : पीपीटी नाही. पंधरा मिनिटं निरंक सरांचा प्रश्न. चाळीस मिनिटं बाहेर, शाळेपासून पाइपलाइनपर्यंत चालत, वाटेत दहा झाडांची स्थानिक नावं. मग पर्जन्यमापक. मग आमच्या पोषण आहाराच्या ताई. घरी विचारलं तर त्या म्हणाल्या, "मास्तर लोकांना मी काय शिकवू?" पण येतील.

---

रानजाई | २८ जून, सकाळी ११.००

मंडळी, झालं एकदाचं. ठरवल्याप्रमाणे काहीच झालं नाही, तरी झालं.

३१ जण होते. निरंक सर, पैज तुम्ही जिंकलात : ओझोनला सतरा हात वर. गोधडीचं सांगितलं तर आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ गुरुजी म्हणाले, "म्हणजे मी तीस वर्षं चुकीचं शिकवलं." कुणी हसलं नाही. थोडा वेळ शांतता, मग ते स्वतःच म्हणाले, "दोन वर्षं उरलीत, त्यात निस्तरतो."

बाहेर पडायला उठलो आणि पाऊस. असा की पाइपलाइन सोडा, समोरचा खांब दिसेना. लाइट गेले. सगळे व्हरांड्यात उभे. मी सकाळीच एक बाटली मैदानात विटांमध्ये ठेवली होती. एक सर छत्री घेऊन ती दर दहा मिनिटांनी बघून यायला लागले, त्यांचं ते आपोआप झालं. पन्नास मिनिटांत १८ मिमी.

मग छप्पर. पत्र्याचं, दोन खोल्यांचं, चाळीस फूट बाय वीस फूट. म्हणजे ७४ चौरस मीटरच्या आसपास. गुणिले १८. कुणीतरी ओरडलं, "तेराशे लिटर!" एका मॅडमनी शिंतोडे, गळती, पहिलं घाण पाणी म्हणून पाचवा हिस्सा वजा करायला लावला, तरी हजाराच्या वर. आणि आम्ही सगळे बघतोय, ते पाणी पत्र्यावरून पडून, मैदानातून, गेटखालून ओहोळात चाललंय. एक सर म्हणाले, "हे इथून भातसा नदीत जाणार, आणि भातसेतून मुंबईला." मुंबईचं निम्म्याच्या आसपास पाणी भातसेचं आहे हे सगळ्यांना माहीत असतं. पण मार्चमध्ये याच शाळेत मुलं घरून बाटल्या भरून आणत होती. यावर पुढे जी चर्चा झाली ती इथे लिहीत नाही, खूप लोकांची नावं निघाली.

ताईंनी शेवळं आणली होती, काकडंही. त्या उभ्या राहिल्या ते पाच मिनिटं नुसत्या पदराशी खेळत. मग एका मॅडमनी करटोली कुठल्या वेलाची, नर वेल कसा ओळखायचा असं विचारलं आणि ताई सुटल्या. टाकळा कोवळा कधीपर्यंत, भारंगीचा पाला किती वेळा उकळायचा, कुठल्या उतारावरचं काय खायचं नाही. शिक्षक लिहून घेत होते. यूडायसवाले सरसुद्धा. मला तर भारंगीला ठाकरांच्या बोलीत काय म्हणतात तेच कालपर्यंत ठाऊक नव्हतं.

रानपिंगळ्याची गोष्ट शेवटी सांगितली, दहा मिनिटं राहिली होती. एका तरुण सरांनी विचारलं, "तो दिवसा दिसतो?" दिसतो, तो बराचसा दिवसाच फिरतो, हे मी काजवा यांच्या सांगण्यावरून वाचून ठेवलं होतं म्हणून वाचले.

नऊ शाळांनी बाटल्या नेल्या. सगळ्यांचा एक व्हॉट्सॲप गट केलाय, रोज पावणेनऊला फक्त आकडा टाकायचा. शुभ सकाळ टाकणाऱ्याला बाहेर काढणार.

---

तिरकस_मास्तर | २८ जून, सकाळी ११.२०

आणि मूळ वही?

रानजाई | २८ जून, सकाळी ११.२२

शाळेत. वहीच्या पहिल्या पानावर तुमचं वाक्य लिहून घेतलंय सगळ्यांकडून. केंद्रप्रमुख सरांच्या समोर.

---

डोंबिवलीची_बाई | २ जुलै, संध्याकाळी ५.४५

सप्तपर्णी : कोवळी पानं भरपूर, कळ्या नाहीत. बहावा : हिरव्या शेंगा भरपूर. दोन मुलींनी विचारलं, शेंगा एवढ्या लांब का. माहीत नाही म्हणाले. गच्चीवर बाटली ठेवायची परवानगी मिळाली, मुलांना तिथे जायची नाही. शिपाईमामा आकडा आणून देतात. आता त्यांनाच त्यात रस आलाय, परवा सुट्टीच्या दिवशीचा फोनवर कळवला.

---

जलतरंग | ९ जुलै, सकाळी ८.१०

रानजाई, नऊ शाळांचे आकडे काय म्हणतात?

रानजाई | ९ जुलै, सकाळी ९.०५

नऊपैकी सात चालू. एका शाळेची बाटली सिमेंट ओतायचं राहिलं म्हणून बाद, शून्यच सापडेना. एकीत शेळीने तोंड घातलं. काल नदीकाठच्या शाळेत बाटली काठोकाठ भरून वाहिली, आकडा हुकला. आता जोराचा पाऊस असला की दुपारीही एकदा बघून ओतायची असं ठरवलंय. आजचा आमचा ६१. मंडळाच्या केंद्रावरचा ३८. चौथीतली एक मुलगी विचारतेय की त्यांची बाटली कोण बघतं. आप्पा, काय सांगू तिला?

ग्रामसेवक_आप्पा | ९ जुलै, सकाळी ९.४०

तिथे यंत्र आहे म्हणावं, आपोआप मोजतं. आणि खरंच बघायचं असेल तर मंडळाच्या ठिकाणी घेऊन या सगळ्यांना, बाहेरून दाखवता येईल. शनिवारी या. शेळीचं काय केलं?

रानजाई | ९ जुलै, सकाळी ९.५२

विटांच्या बाहेर करवंदीच्या काटेरी फांद्या रोवल्यात. शेळी आता लांबून बघते.